बिघडलेल्या कामाचा देव

"तोंड धुवून आत जायचं असतंय म्हणं. तू दोनदा धू," जयसिंग म्हणाला.

मी वाकून लाकडी पळीतलं पाणी डाव्या हातावर ओतत होतो. नोव्हेंबरातलं डोंगराचं पाणी, बोटं बधिर झाली होती. वर न बघता मी म्हणालो, "तू आंघोळच कर. नुसत्या चुळीनं तुझं काय निघायचं न्हाई."

एकोणीस दिवसांच्या अबोल्यानंतर आम्ही एकमेकांशी बोललो ते हे. मागं उभ्या असलेल्या तानाबे बाईंना वाटलं, आम्ही पाण्याच्या गारठ्याबद्दल बोलतोय. त्या आमच्या दुभाषी, रिटायर झालेल्या इंग्रजीच्या शिक्षिका. हसून म्हणाल्या, "कोल्ड, येस?" आम्ही दोघांनी एकदमच मान डोलावली. चार महिन्यांत आमचं एकमत झालं ते तेवढंच.

गोष्ट सत्त्याऐंशी सालची. कोल्हापुरात आमचा लेथ मशीनचा कारखाना. जपानच्या एका कंपनीशी मालकांचा करार झाला आणि दोन फिटरांना सहा महिने तिकडं पाठवायचं ठरलं. शिकायचं होतं स्क्रेपिंग. मशीनचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, पाया कितीही चांगला कापला तरी तो डोळ्याला दिसतो तेवढा सपाट नसतो. मग एका सरळपट्टीला निळा रंग लावून ती त्यावर घासायची. निळं लागेल तिथं उंचवटा. तो हातातल्या पात्यानं खरवडायचा. पुन्हा पट्टी, पुन्हा निळं, पुन्हा खरवड. केसाच्या दहाव्या हिश्श्याइतकं बीड निघतं आणि दिवस मावळतो. लोकांना हे काम कंटाळवाणं वाटतं. मला फार आवडायचं.

निवडले गेलो आम्ही दोघं. मी, रंगराव लोहार, आणि जयसिंग पोवार. परत आल्यावर स्क्रेपिंगचं नवं खातं निघणार होतं आणि आमच्यातला एक त्याचा फोरमन होणार होता. कोण, ते जपानचा वस्ताद पत्रानं कळवणार होता. म्हणजे एका हाडावर दोन कुत्री सोडायची आणि वर सांगायचं, गुण्यागोविंदानं राहा. मालकांची अक्कल, दुसरं काय.

मला ती खुर्ची हवी होती. उगाच आव कशाला आणू? हवीच होती आणि जयसिंगला मिळू नये म्हणून जास्त हवी होती. निवड झाली त्या दिवशी दहा जणांदेखत तो म्हणाला होता, "बैलाला पत्र्या ठोकणाऱ्याच्या पोराला केसाचं माप कळणार व्हय? तिकडं जाऊन घण मागंल ह्यो." सगळे खो खो हसले. माझ्या बापानं जन्मभर बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकल्या हे खरं आहे आणि त्याची मला लाज नव्हती. पण ते हसणं डोक्यातून जाईना. विमानात शेजारी शेजारी बसून आम्ही तोंडं दोन दिशांना फिरवली होती.

ज्या गावात गेलो ते डोंगराच्या पायथ्याचं, लहानसं, सगळं लोखंडाच्या कामावर जगणारं. वस्तादाचं नाव इवाता. वय सत्तरीला आलेलं, बुटका, कमी बोलणारा. एका खोलीत तो आणि आम्ही दोघं, तीन टेबलं, बस्स. मी संध्याकाळी पोरांचा तक्ता समोर ठेवून त्यांची अक्षरं गिरवायचो. महिन्याभरात नावं लिहायला यायला लागली. जयसिंग म्हणायचा, "पाली काढत बसलाय बघा." तो एक अक्षर शिकला नाही. आमच्या छातीवरच्या नावाच्या पट्ट्या इंग्रजीत होत्या, त्यामुळं त्याचं अडलंही नाही.

आता एकोणीस दिवसांपूर्वी काय झालं ते सांगतो.

वस्तादाची स्वतःची एक सरळपट्टी होती. दीड हात लांब, त्यानं तरुणपणी स्वतः घासून केलेली. सगळ्या खोलीचं माप त्या पट्टीवर चालायचं. नियम एकच, ती दोन्ही हातांनी उचलायची. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी लवकर परतलो, जयसिंग यायच्या आत जरा जास्तीचा हात मारावा म्हणून. पट्टी जयसिंगच्या टेबलावर होती. माझ्या उजव्या हातात पातं होतं, डाव्या हातानं पट्टी उचलली आणि ती निसटली. कोपरा फरशीवर बसला. नखाएवढा तुकडा उडाला आणि कड दबली. मी पट्टी उचलून जिथली तिथं, जयसिंगच्या टेबलावर ठेवली. लपवायला नव्हे, जागच्या जागी ठेवली, असं मी पहिले दोन दिवस स्वतःला सांगत होतो.

सुट्टीनंतर जयसिंगनं पट्टी घेतली. निळे ठिपके भलतीकडंच उमटले. वस्ताद आला, त्यानं कडेवरून अंगठा फिरवला आणि कोपऱ्यावर थांबला. कुणी, म्हणून त्यानं विचारलं. एवढं जपानी आम्हा दोघांनाही कळत होतं.

"नॉट मी," जयसिंग म्हणाला.

"नॉट मी," मीही म्हणालो. तोंडातून निघून गेलं. एकदा गेलेलं परत कसं घ्यायचं ते मला त्या वयात येत नव्हतं.

वस्ताद चिडला नाही. त्यानं तानाबे बाईंना बोलावून सांगितलं, "चूक झाली तर चालते. मालक नसलेली चूक माझ्या खोलीत चालत नाही." मग बाईंनी सगळं समजावलं. त्यांच्याकडं नोव्हेंबरात लोहाराच्या भात्याचा सण असतो, आपल्या खंडेनवमीसारखा. त्या दिवशी गावातले सगळे कारागीर डोंगरावरच्या जुन्या देवळात जातात. तिथला देव लोहारांचा, एका डोळ्याचा. भट्टीतल्या लाल लोखंडाकडं बघून बघून त्याचा दुसरा डोळा गेला म्हणतात. या देवाला चांगलं काम वाहायचं नसतं. वर्षभरात हातून जे बिघडलं ते न्यायचं, त्याला आपल्या नावाची फळी बांधायची, देवापुढं मोठ्यानं बोलायचं आणि ठेवून यायचं. एकदा ठेवलं की विषय संपला. पुन्हा गावात त्याबद्दल कुणी ब्र काढायचा नाही.

"पट्टीही तिथं जाईल," बाई म्हणाल्या. "एका नावानं. नाव नसेल तर वस्ताद दोघांनाही परत पाठवतील. पुढच्याच विमानानं. पत्र कुणाच्याच नावाचं लिहिणार नाहीत."

मला हे सगळं ऐकून चीड आली. पट्टीचं राहू द्या, देवाचीच चीड आली. बिघडलेलं काम देवाला? आमच्याकडं तुटका तांदूळ अक्षता म्हणून चालत नाही, किडकं पान विड्याला चालत नाही. दसऱ्याला माझा बाप ऐरण घासूनपुसून लखलखीत करायचा तेव्हा कुठं तिला झेंडू लागायचा. मला वाटलं, ही माणसं आम्हाला परके समजून काहीतरी कमीपणाचं करायला लावतायत. मी ठरवलं, मी माझं सगळ्यात चांगलं काम नेणार. तीन आठवडे खपून मी बिडाचा एक ठोकळा खरवडला होता. त्याच्यावरचे निळे ठिपके इतके सारखे होते की कुणीही मोजून बघावेत. तोच रुमालात बांधून घेतला.

तर असे आम्ही त्या सकाळी पाण्यापाशी उभे होतो. माझ्या काखेत ठोकळा, जयसिंगचे हात रिकामे आणि वस्तादाच्या हातात निळ्या कापडात गुंडाळलेली पट्टी.

दोनशे पायऱ्या चढून गेलो. देऊळ चारशे वर्षांचं, नुसतं लाकडात लाकूड बसवलेलं. मी शोधूनही मला एक खिळा दिसला नाही. दारावर भाताच्या पेंढ्याचा मांडीएवढा जाड दोर, त्याला पांढऱ्या कागदाच्या घड्या लटकलेल्या. दोराच्या आत फक्त कारागिरांनी जायचं. तानाबे बाई बाहेर थांबल्या. आत चाळीसेक माणसं गुडघे मुडपून बसली होती. भिंतीच्या कडेनं कुठल्या कुठल्या पिढ्यांचं बिघडलेलं काम रचून ठेवलेलं होतं. वाकडे सुरे, तडा गेलेले हातोडे, पीळ बसलेली करवत, एक घंटा, तिला तर नादच नव्हता. प्रत्येकाला एकेक लाकडी फळी बांधलेली. भंगाराचा बाजार, असं माझ्या मनात आलं.

पांढऱ्या कपड्यातल्या पुजाऱ्यानं सगळ्यांच्या डोक्यावरून कागदी पट्ट्यांची काठी फिरवली. मग एकेक जण पुढं गेला. आपली वस्तू ठेवायची, दोनदा वाकायचं, हात जोडून मोठ्यानं बोलायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा वाकायचं. एक जाडा लोहार काहीतरी बोलला आणि सगळे हसले. एक म्हातारा बोलता बोलता थांबला तेव्हा कुणीही हललं नाही.

माझी पाळी आली. मी ठोकळा पुढं केला. वस्तादानं तो उचलला, उजेडाकडं धरला, अंगठा फिरवला. त्याच्या तोंडाकडं बघत मी वाट पाहत होतो. त्यानं ठोकळा रुमालात नीट गुंडाळला, माझ्या हातात परत दिला आणि मला बाजूला बसायची खूण केली. चाळीस माणसांदेखत. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम देवानं म्हणे घेतलं नाही. माझे कान तापले.

"हाण तिच्या," जयसिंग माझ्या कानाशी पुटपुटला. "देवानं बी तुला वळाकलं."

मग वस्तादानं निळं कापड सोडलं. पट्टी देवापुढं ठेवली, शेजारी कोरी फळी, ब्रश आणि शाईची वाटी. त्यानं आधी जयसिंगकडं बघितलं, कारण पट्टी सापडली होती त्याच्या टेबलावर. जयसिंगनं फळीला हात लावला नाही. वस्तादानं मग आम्हा दोघांनाही पुढं बसवलं आणि हात जोडून दाखवले. बोला, देवाशी बोला. आपल्या भाषेत बोलला तरी त्याला कळतं, असं बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं.

जयसिंगनं हात जोडले, डोळे मिटले, आणि आरतीला लावावा तसा खणखणीत आवाज लावून म्हणाला, "रंग्या, मुडद्या, ही पट्टी तू पाडलीस."

मागचे चाळीस जण अदबीनं वाकले.

मीही हात जोडले. "पुरावा हाय का तुझ्याकडं?"

"खोलीत माणसं तीन. म्हातारा सोताची पट्टी पाडणार न्हाई. मी पाडली न्हाई. ऱ्हायलं कोण?"

"मला काय ठावं? तुझ्या टेबलावर गावली, तूच सांग."

"पाडून माझ्या टेबलावर तूच माघारी ठेवलीस. सुट्टीत तू आधी उठून आलतास. अर्धा भात टाकून. तू भात टाकणारा हाईस व्हय, हावरटा?"

पुजारी डोळे मिटून ऐकत होता. आमची प्रार्थना जरा लांबतेय, पण मनापासून चाललीय, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मग इतके दिवस गप का बसलास?" मी म्हणालो.

"तू म्हणशील म्हणून. वाट बघितली. एक पोवार एका लोहाराची एकोणीस दिस वाट बघत बसला, आन ह्यो सायेब पाली काढतोय."

"पुन्हा जातीवर आलास?"

"बापावर येतो आता. तुझ्या बानं पत्री ठोकताना कुणाच्या बैलाचा खूर दुखावला असंल का न्हाई कधी? असंलच. मग मालकाला सांगितलं असंल, का बैल नेऊन दुसऱ्याच्या गोठ्यात बांधला असंल? सांग की. देवापुढं हाईस."

हे वर्मी लागलं. माझ्या बापाच्या हातून एकदा खिळा आत गेला होता. बैल आठ दिवस लंगडला. बाप आठही दिवस त्या माणसाच्या दारात जाऊन बैलाचा पाय शेकत होता आणि त्याच्या शिव्या खात होता. जयसिंगला हे माहीत असायचं कारण नव्हतं. त्यानं अंधारात दगड मारला आणि तो बसला.

"व्हय!" मी ओरडलो. "माझ्या हातनं पडली! मी पाडली, मीच ठेवली तुझ्या टेबलावर! काय करतोस? घे, खा मला!"

देऊळ घुमलं. मागं सगळे पुन्हा वाकले, या खेपेला जास्त खोल. वस्तादानंही डोकं जमिनीला टेकवलं.

जयसिंगचे हात जोडलेलेच होते. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "मग लिही. मला ती अक्षरं येत न्हाईत, तुला येत्यात. त्या फळीवर तुझं नाव लिही. न्हाईतर हितंच नरडं धरतो तुझं, मग देव एका डोळ्यानं बघू दे न्हाईतर दोन." आणि त्यानं ब्रश उचलून माझ्या हातात कोंबला.

मी ब्रश शाईत बुडवला. मनात काय काय आलं ते खरं सांगतो. बाप आला. खुर्ची आली. आणि ते दहा जणांचं हसणंही आलं. मग मी नाव लिहिलं. हात जराही थरथरला नाही, याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

जयसिंग माझ्या हाताकडं टक लावून बघत होता. शेवटची रेघ ओढून झाल्यावर त्यानं सुस्कारा सोडला. वस्तादानं फळी उचलली, वाचली. दोन टाळ्या वाजवल्या आणि फळी पट्टीला बांधली. मग तो जयसिंगजवळ आला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ तसाच उभा राहिला. इतके दिवस विनाकारण संशय सोसलेला माणूस तो. ओठ घट्ट दाबून बसला होता, पण डोळ्यांतलं पाणी काही थांबलं नाही. मागच्यांपैकी दोघं-तिघं म्हातारे उठून त्याच्यापुढं वाकले. माझ्याकडं कुणी पाहिलं नाही.

बाहेर आल्यावर पुजाऱ्यानं सगळ्यांना एकेक संत्रं दिलं. तोच सणाचा प्रसाद. मी ठोकळा काखेत धरून पायऱ्या उतरायला लागलो. मला कुणाशी बोलायचं नव्हतं. मागून पावलं वाजली.

"रंगराव, थांब की जरा."

रंग्याचा रंगराव झाला होता. जयसिंग धापा टाकत माझ्या शेजारी आला. खिशातून त्यानं तंबाखूची पुडी काढली. कोल्हापूरहून आणलेली, चार महिने पुरवून पुरवून खाल्लेली आणि मला एकदाही न विचारलेली. पुडीत शेवटची चिमूट होती. त्यानं ती मळली, चुना लावला आणि सगळीच्या सगळी माझ्यापुढं धरली.

"घे."

"नगं मला."

"घे रे मर्दा. मी लई वंगाळ बोललो. तुझ्या बाला बोललो ते माघारी घेतो. कानफाट फोड पायजे तर." त्यानं हात आणखी पुढं केला. "मला वाटलं न्हवतं तू लिवशील. खरंच वाटलं न्हवतं."

मी चिमूट घेतली आणि गालात धरली. जयसिंग बोलतच राहिला. म्हणाला, आता फोरमन तूच हो, मी वस्तादाला सांगतो. मी म्हणालो, देवळातलं काढायचं नाही, त्यांची रीत आहे. तो लगेच कान धरून गप्प झाला. रीत मोडणारा माणूस नव्हता तो. राहिलेल्या दोन महिन्यांत त्यानं खरोखरच त्यावर एक शब्द काढला नाही, ना वस्तादापुढं, ना बाईंपुढं. फक्त माझं टेबल तो रोज सकाळी माझ्याआधी पुसून ठेवायचा. मला ते बघवायचं नाही. शिव्या देणारा जयसिंग मला परवडत होता.

जायच्या आदल्या दिवशी जयसिंग सामान बांधत असताना वस्तादानं मला एकट्याला बोलावलं. तानाबे बाई होत्या. वस्तादानं पत्र लिहून पाकिटात घातलं होतं.

"पोवारचं नाव लिहिलं आहे," बाई म्हणाल्या. "तुमचा हात जास्त चांगला आहे, हे वस्ताद मान्य करतात. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून ते कारण सांगणार आहेत."

मी उभाच राहिलो. वस्ताद सावकाश बोलला आणि बाई सोप्या इंग्रजीत सांगत गेल्या.

"देवळातलं बोलायचं नसतं. आज एकदाच बोलतो, कारण तुम्ही उद्या जाल. त्या दिवशी पोवारनं आपली चूक देवापुढं ठेवली. किती मोठ्यानं बोलला, रडला. त्याला अक्षरं येत नाहीत, तर मित्राला सांगून त्यानं फळीवर आपलं नाव लिहवून घेतलं. चाळीस वर्षांत मी इतकं खरं बोलणं तिथं ऐकलं नव्हतं. तुम्ही बिनचूक ठोकळा घेऊन आलात. ज्याच्या हातून कधी काही बिघडलंच नाही, त्याच्याकडं उद्या एखादा शिकाऊ बिघडलेलं काम घेऊन आला, तर तो त्याला काय सांगेल?"

बोलून झाल्यावर वस्ताद माझ्यापुढं वाकला. मला त्याला सांगता आलं असतं. शब्द येत होते तेवढे. मीही वाकलो आणि बाहेर आलो.

तर काय लिहिलं ते आता तुम्हाला कळलंच आहे. मी जयसिंगचं नाव लिहिलं होतं. त्याला वाचता येत नव्हतं एवढ्याच भरवशावर, त्याच्या डोळ्यांसमोर, त्यानंच दिलेल्या ब्रशनं. आणि त्या नावानंच तो फोरमन झाला. माझं लिहिलं असतं तर मी झालो असतो. हा हिशेब मी नंतर इतक्या वेळा मांडला आहे की आता तो नको वाटतो.

कोल्हापुरात मॅनेजर साहेबांनी पत्र वाचून दाखवलं. चार ओळींचं, फक्त नाव आणि सही. जयसिंग उठून म्हणाला, "साहेब, चूक होतीया, ही खुर्ची रंगरावाची हाय." साहेब हसले, त्यांना तो विनय वाटला. नव्या खात्याची पूजा झाली त्या दिवशी जयसिंगच्या गळ्यात हार पडला. त्यानं तो लगेच काढला आणि सगळ्या खात्यादेखत माझ्या गळ्यात घातला.

"तिकडं बोलायची बंदी हुती, हितं बोलतो," तो म्हणाला, आणि बोलला. पट्टीपासून फळीपर्यंत सगळं. माझ्या बापाला काय बोलला तेही त्यानं लपवलं नाही. "मला अक्षर येत न्हवतं. ह्या मानसानं माझं नाव लिवलं असतं तर मला कळलं तरी असतं का? पर ह्यानं सोताचं लिवलं. त्यापायी ह्याची खुर्ची गेली, आन ती मला मिळाली. आजपासनं ह्या खात्यात पयला मान रंगरावचा."

मला तो माणूस आयुष्यात कधी इतका नकोसा झाला नव्हता. हाराची फुलं मानेला टोचत होती. मला वाटत होतं, याच्या तोंडावर सगळं फेकून मारावं आणि याचे डोळे फिरलेले बघावेत. मी उठलोसुद्धा.

"बोला, रंगराव, बोला," लोक म्हणाले.

सगळं खातं माझ्याकडं बघत होतं. जयसिंगही बघत होता, पोरानं बापाकडं बघावं तसा. मी घसा खाकरला.

"जयसिंगरावांनी उगाच मोठं केलं मला," मी म्हणालो. "माझ्या जागी दुसरा कुणी असता तरी त्यानं हेच केलं असतं."

टाळ्या पडल्या. सगळ्यांत आधी जयसिंगनं वाजवल्या.